लहान आउटबोर्ड बोटीसाठी प्रोपेलरचा पिच कसा निवडावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रोपेलर, म्हणजे बोलीतला पंखा, बदलायचा विचार बहुतेकदा ‘बोट अजून पळेल का?’ इथून सुरू होतो. आधी विचारायला हवं ते वेगळं: नेहमीचं वजन घेऊन थ्रॉटल पूर्ण उघडला, तर इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं? हा एक आकडा हाती असेल तर पिचचा निर्णय जवळजवळ झालाच. तो नसेल तर बाकी सगळा अंदाज. खालची उत्तरं साधारण २ ते ६० अश्वशक्तीच्या आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या, मोटरींसाठी आहेत.

प्रोपेलरवर ‘९ १/४ × ९’ असं कोरलंय. याचा अर्थ काय?

पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचात. लाकडात स्क्रू पिळताना तो एका फेऱ्यात जितका आत जातो, तसा प्रोपेलर घसरला नसता तर एका फेऱ्यात जितका पुढे सरकला असता ते अंतर म्हणजे पिच. पाण्यात तो थोडा घसरतोच, त्याबद्दल पुढे.

आकडे बहुधा हबच्या, म्हणजे पाती बसवलेल्या मधल्या भागाच्या, बाजूला, नाहीतर पात्याच्या मुळाशी असतात. कधी फक्त पार्ट नंबर असतो. मग तो उत्पादकाच्या यादीत शोधावा लागतो. एक लक्षात ठेवा: बऱ्याच प्रोपेलरमध्ये पात्याच्या पुढच्या कडेला पिच कमी आणि मागच्या कडेला जास्त असतो, आणि कोरलेला आकडा त्याची सरासरी असते. म्हणून एका कंपनीचा १३ आणि दुसऱ्या कंपनीचा १३ पाण्यात सारखे वागतीलच असं नाही. तुलना शक्यतो एकाच मालिकेतल्या प्रोपेलरांची करा.

योग्य पिच ओळखायचा कसा?

प्रत्येक मोटरच्या माहितीपुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलला आरपीएम (मिनिटाला फेरे) कुठून कुठपर्यंत असावेत ते दिलेलं असतं. बऱ्याच फोर-स्ट्रोक आउटबोर्डना हा पट्टा ५,००० ते ६,००० असतो, जुन्या टू-स्ट्रोक मोटरींना अनेकदा ४,५०० ते ५,५००. तुमच्या मोटरचा आकडा मात्र तुमच्याच पुस्तिकेतून घ्या, शेजारच्या बोटीवरून नको.

त्या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्या भागात आरपीएम आले की पिच बरोबर. वरचा अर्धा का? कारण बोट नेहमी तितकीच हलकी राहत नाही. आज दोघं आहेत, उद्या चौघं असतील, टाकी भरलेली असेल, तळाला शेवाळ धरलेलं असेल. या प्रत्येक गोष्टीने आरपीएम खालीच येतात. हलक्या बोटीवर जेमतेम ५,००० गाठणारा प्रोपेलर भरल्या बोटीवर पट्ट्याबाहेर जाणार हे ठरलेलं.

पिच जास्त म्हणजे वेग जास्त. मग मोठाच का घेऊ नये?

हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो.

सायकल सर्वांत जड गिअरमध्ये टाकून चढ चढायला घ्या. पाय जीव तोडून दाबताय, पण पेडल हळूहळूच फिरतंय. जास्त पिचच्या प्रोपेलरमागे इंजिनाची हीच गत होते. थ्रॉटल पूर्ण उघडा, सिलिंडरमध्ये हवा-इंधन भरपूर जातंय, पण फेरे वाढत नाहीत. सिलिंडरमधला दाब आणि उष्णता बराच वेळ चढी राहते आणि इंधनाचा अकाली भडका उडू लागतो. त्यातून पिस्टनचा माथा, रिंगा, हेड गॅस्केट यांना मार बसतो. बेअरिंगवर ताण येतो, कार्बन साचतो.

यात धोका असा की इंजिन ओरडत नाही. उलट आवाज खालच्या पट्टीतला, शांत वाटतो आणि चालवणाऱ्याला बरं वाटतं. ‘फार आवाज न करता चालते’ असं कौतुक होत असतं, तेव्हा आत झीज सुरू असते. थ्रॉटल अर्धा ठेवला म्हणून सुटका होतेच असंही नाही, कारण त्या वेगालाही इंजिन त्याच्या सोयीपेक्षा कमी फेऱ्यांत जास्त ओझं ओढत असतं.

आणि ज्यासाठी हे केलं तो वेगही बहुधा मिळत नाही. मोटरची पूर्ण अश्वशक्ती पट्ट्याच्या वरच्या टोकाजवळ मिळते. तिथपर्यंत इंजिन पोचलंच नाही, तर १५ अश्वशक्तीची मोटर विकत घेऊन तुम्ही त्याहून कमी शक्ती वापरताय. अशा बोटीचा पिच २ इंचांनी कमी केल्यावर तिचा कमाल वेग वाढलेला दिसला, तर त्यात नवल नाही.

आणि पिच फार कमी असला तर?

इंजिन पट्ट्याच्या वर पळतं. फेरे मर्यादेत ठेवणारा रेव्ह लिमिटर असेल तर तो ठिणगी तोडतो आणि मोटर अडखळल्यासारखी, हिसके दिल्यासारखी वाटते. लहान, साध्या मोटरीत लिमिटर नसेल तर कनेक्टिंग रॉड, बेअरिंग, व्हॉल्व्ह यांची झीज वेगाने होते.

तरी या दोन चुकांत एक फरक आहे. कमी पिचची चूक कानाला कळते आणि थ्रॉटल थोडा मागे घेतला की त्या दिवसापुरती मिटते. जास्त पिचची चूक कळतही नाही आणि मिटतही नाही. म्हणून दोन प्रोपेलर पट्ट्यात बसत असतील तर कमी पिचचा घ्या, असं आमचं स्पष्ट मत आहे. बोट लवकर उठते, म्हणजे पाण्यावर तरंगून धावू लागते, वजन पेलते आणि इंजिन मोकळं चालतं.

चाचणी कशी घ्यायची?

तळ आणि मोटरचा खालचा भाग स्वच्छ करा. आधीच्या प्रोपेलरची पाती वाकलेली किंवा तुटकी असतील तर ती चाचणी फुकट आहे. बोटीत नेहमीचं वजन ठेवा: नेहमीची माणसं, अर्धी टाकी इंधन, नांगर, बॅटरी, सामान. रिकाम्या बोटीवर घेतलेला आकडा कामाचा नाही.

शांत पाणी आणि मोकळी जागा निवडा. इंजिन पाचेक मिनिटं गरम होऊ द्या. किल स्विचची, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद करणारी, दोरी अंगाला अडकवा, सगळ्यांना बसायला सांगा. मग थ्रॉटल सावकाश पूर्ण उघडा. ट्रिम, म्हणजे चालत्या मोटरचा कोन बदलायची सोय, असेल तर बोट उठल्यावर मोटर हळूहळू बोटीपासून बाहेरच्या बाजूला कलवत जा. आरपीएम एकदम उसळून पकड सुटली की किंचित परत आत घ्या. तीच चाचणीची जागा. ट्रिम नसलेल्या मोटरीत कोन ठरवणारी टिल्ट पिन नेहमीच्या भोकात ठेवा.

आरपीएम आणि जीपीएसवरचा वेग स्थिरावले की लिहून घ्या. लगेच उलट्या दिशेने तशीच फेरी मारा आणि दोन्हींची सरासरी घ्या, म्हणजे वारा आणि प्रवाह वजा होतात. शक्य असेल तर पूर्ण वजन भरून आणखी दोन फेऱ्या. थांबलेल्या स्थितीतून बोट तरंगून धावायला लागेपर्यंत किती सेकंद लागतात तेही मोजा; प्रोपेलर बदलल्यावर पहिला फरक तिथेच दिसतो.

माझ्या मोटरला टॅकोमीटरच (आरपीएम दाखवणारं यंत्र) नाही.

स्पार्क प्लगच्या वायरीभोवती गुंडाळायचा छोटा इंडक्टिव्ह टॅकोमीटर मिळतो. चाचणीपुरता तो पुरतो. त्यात फेऱ्यामागे किती ठिणग्या हे निवडावं लागतं, आणि गोंधळ होतो तो इथेच. टू-स्ट्रोक दर फेऱ्याला एक ठिणगी टाकतं. फोर-स्ट्रोकला खरं तर दोन फेऱ्यांत एकच लागते, पण पुष्कळ लहान फोर-स्ट्रोक मोटरी दर फेऱ्याला ठिणगी टाकतात. सेटिंग चुकली की आकडा दुप्पट किंवा निम्मा येतो. आयडलला, म्हणजे मोटर गिअर न लावता संथ चालू असताना, १,८०० किंवा ४५० दिसत असेल तर समजा की सेटिंग चुकली आहे. गरम झालेली लहान मोटर साधारण ९०० च्या आसपास आयडल करते.

बोटीला डॅशवरचा टॅकोमीटर असला तरी त्याच्या मागची पोल निवडायची कळ मोटरच्या अल्टरनेटरच्या पोलसंख्येशी जुळते का, तेवढं एकदा पाहा.

पिच किती इंचांनी बदलायचा?

ढोबळ नियम: पिच १ इंच कमी केला की आरपीएम १५० ते २०० वाढतात, १ इंच वाढवला की तितकेच उतरतात.

समजा पट्टा ५,००० ते ६,००० आहे, सध्या १३ पिच आहे आणि नेहमीच्या वजनात ५,२०० येतात. पट्ट्यात आहे, पण खालच्या बाजूला. ११ पिच लावला तर ५,५०० ते ५,६०० अपेक्षित. पूर्ण भरल्यावर त्यातले दोनेकशे गेले तरी बोट पट्ट्यातच राहते. म्हणजे ११ घ्यावा.

लहान मोटरींत हा नियम जरा जपून वापरा. १९ वरून १८ पिच म्हणजे सुमारे ५ टक्के बदल. ८ वरून ७ म्हणजे साडेबारा टक्के. तिथे एका इंचाचा परिणाम २०० च्या वर जाऊ शकतो, म्हणून १ इंचाने बदला आणि पुन्हा मोजा.

व्यास सहसा तसाच ठेवावा. व्यास वाढला की भार पिचपेक्षा वेगाने वाढतो, शिवाय प्रोपेलरच्या वर असलेल्या आडव्या प्लेटखाली जागाही मर्यादित असते.

‘स्लिप’, म्हणजे घसरण, काढायची कशी, आणि ती किती असावी?

आरपीएमला पिचने गुणा. मग गिअर रेशो (प्रोपेलरच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे) गुणिले ६५६ ने भागा. आलेला आकडा म्हणजे न घसरता मिळाला असता तो वेग, ताशी किलोमीटरमध्ये. नॉट हवे असतील तर ६५६ च्या जागी १,२१५ घ्या.

उदाहरण: ५,४०० आरपीएम, ११ पिच, गिअर रेशो २.००. ५,४०० × ११ = ५९,४००. भागिले १,३१२, म्हणजे सुमारे ४५.३ किमी. जीपीएसवर ३८ दिसले तर ७.३ किमी घसरणीत गेले. स्लिप सुमारे १६ टक्के.

पाण्यावर तरंगून धावणाऱ्या हलक्या बोटीला पूर्ण वेगात १० ते २० टक्के स्लिप सर्वसाधारण आहे. जड, संथ बोटीला ती ३० किंवा त्याहूनही वर जाते आणि त्यात गैर काही नाही. थोडी घसरण झाल्याशिवाय पाणी मागे ढकललं जात नाही. उत्तर शून्याखाली किंवा ५ टक्क्यांच्या आत आलं तर आनंद मानू नका. गिअर रेशो, टॅकोमीटर किंवा पिचचा आकडा यातलं काहीतरी चुकलंय. धावणाऱ्या बोटीला २५ च्या वर येत असेल तर पिच बदलण्याआधी मोटरची उंची, पाती आणि हब तपासा.

वळताना एकदम आरपीएम उसळतात आणि बोट मंदावते. पिच चुकलाय का?

बहुधा नाही. प्रोपेलर हवा ओढतोय. पृष्ठभागावरची हवा किंवा एक्झॉस्टचा वायू पात्यांपर्यंत पोचला की पकड सुटते. मोटर फार वर बसवलेली असणं, ट्रिम फार बाहेर असणं, किंवा मोटरच्या अगदी समोर तळाला लावलेला खोली मोजणारा ट्रान्सड्यूसर ही नेहमीची कारणं.

बोटीच्या तळाला सरळ पट्टी लावून बघा: प्रोपेलरच्या लगेच वरची आडवी प्लेट तळाच्या रेषेत किंवा तिच्या अगदी जवळ असावी. या प्लेटला सगळे अँटी-कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, पण तिचं काम हवा अडवण्याचं आहे. कॅव्हिटेशन म्हणजे पात्यावरचा दाब इतका घटणं की पाण्याची वाफ होऊन बुडबुडे बनतात आणि ते फुटताना धातू खातात. पात्यावर खरवडल्यासारखे बारीक खड्डे दिसले तर ते कॅव्हिटेशन. बहुतेक वेळा पात्याच्या कडेला बसलेल्या टवक्यापासून सुरू झालेलं.

सरळ जातानाही इंजिन ओरडतं, पण बोट पुढे जात नाही. हळू चालवलं तर ठीक.

हब सुटलंय. पात्यांचा भाग आणि मधली स्प्लाइनची (आतून खाचा असलेली) नळी यांच्यात दाबून बसवलेला रबर असतो. तो घसरायला लागला की कमी जोरावर सगळं नीट चालतं आणि थ्रॉटल उघडला की सुटतं. खात्री करायची सोपी रीत: नळीपासून बाहेरच्या भागापर्यंत एक सरळ रेघ मार्करने किंवा ओरखड्याने काढा, पूर्ण थ्रॉटलला एक फेरी मारा, परत येऊन पाहा. रेघ तुटून सरकली असेल तर हब बदला किंवा नवा प्रोपेलर घ्या. २ ते ५ अश्वशक्तीच्या अनेक मोटरींत हबऐवजी शिअर पिन असते. ती तुटली की बोट जागीच थांबते. तिच्या जागी खिळा किंवा स्टीलचा बोल्ट कधीही घालू नका. पिन तुटते म्हणूनच गिअर वाचतात.

तीन पाती की चार?

हलक्या बोटीला तीन पुरेत. चौथं पातं पकड वाढवतं: बोट लवकर उठते, कमी वेगात वर टिकते, वळणावर सुटत नाही, थरथर कमी होते. कमाल वेगात थोडी घट येते. तिनावरून चारावर जाताना व्यास तोच असेल तर पिच साधारण १ इंच कमी घ्या, नाहीतर आरपीएम खाली येतात.

अॅल्युमिनियम की स्टेनलेस स्टील?

लहान मोटरीला अॅल्युमिनियम घ्या. स्टेनलेसची पाती पातळ आणि ताठ असतात, जोरात वाकत नाहीत, टिकतात; पण खडकावर आपटल्यावर अॅल्युमिनियमचं पातं स्वतः वाकून किंवा तुटून बराच धक्का पोटात घेतं, स्टेनलेसचं तो गिअरकडे पाठवण्याची शक्यता जास्त. उथळ, दगडी पाण्यात हा फरक मोठा आहे. स्टेनलेस घेतलाच तर जुना पिच डोळे मिटून घेऊ नका. त्याच्या मागच्या कडेला बहुधा आतल्या बाजूला वळलेली बारीक ओठासारखी घडी, म्हणजे कप असतो. कपमुळे पकड वाढते आणि आरपीएम १५० ते ३०० पर्यंत उतरू शकतात. जवळजवळ १ इंच पिच वाढवल्यासारखंच ते.

कधी एकटा असतो, कधी बोट माणसांनी आणि सामानाने भरते. एकच प्रोपेलर कसा चालेल?

फरक थोडा असेल तर भरलेल्या बोटीसाठी निवडा आणि एकटे असताना थ्रॉटल मर्यादेत ठेवा. फरक मोठा असेल, किंवा स्कीवर माणूस ओढायचा असेल, तर दोन प्रोपेलर ठेवा, पिचमध्ये २ इंचांचं अंतर असलेले. बदलायला दहा मिनिटं लागतात. फक्त कमी पिचचा लावलेला असताना हलकी बोट पूर्ण थ्रॉटलला पळवू नका.

शिडाच्या बोटीला किंवा जड, संथ बोटीला काय लावायचं?

अशी बोट पाण्यावर उठत नाही, पाणी कापत जाते, आणि तिच्या वेगाला लांबीची मर्यादा असते. पाण्याच्या रेषेवरची लांबी १६ फूट असेल तर ही मर्यादा सुमारे ५.४ नॉट, म्हणजे ताशी १० किमी. मोटर मोठी लावून ती फारशी ओलांडता येत नाही. इथे वेगाचा विचारच सोडा. त्या मोटरला मिळणारा सर्वांत मोठा व्यास आणि सर्वांत कमी पिच, शक्य तर चार पाती. खूप जोर लावण्यासाठी बनवलेल्या मोटरींत गिअर रेशो जास्त ठेवलेला असतो तोही याचसाठी: मोठा प्रोपेलर सावकाश फिरवता यावा. वाऱ्याविरुद्ध धक्क्याला लागताना आणि रिव्हर्समध्ये बोट थांबवताना याचा उपयोग कळतो.

गेल्या हंगामात ५,६०० यायचे, यंदा ५,१०० येतात. प्रोपेलर तोच आहे.

मग प्रोपेलर बदलू नका, कारण शोधा. क्रमाने: तळावर आणि मोटरच्या पायावर शेवाळ, शिंपले; दुहेरी तळात किंवा फोममध्ये साचलेलं पाणी; वाकलेलं पातं; थ्रॉटलची केबल पूर्ण उघडते का; इंधन फिल्टर, जुनं पेट्रोल, प्लग; शेवटी कॉम्प्रेशन. आजारी इंजिनाला कमी पिच लावून आकडा बरोबर आणणं म्हणजे ताप उतरवायचं सोडून थर्मामीटर बदलणं.

उंचावरच्या तलावात बोट मरगळते. काय करावं?

हवा विरळ झाल्याने दर ३०० मीटरला सुमारे ३ टक्के शक्ती कमी होते. १,५०० मीटरवर १५ टक्के. पिच १ ते २ इंच कमी करा आणि खाली आल्यावर जुना परत लावा.

प्रोपेलर स्वतः बदलता येतो का?

येतो, पण सुरुवात सुरक्षिततेने. किल स्विचची क्लिप काढा, किल्ली काढा, प्लगच्या कॅप उपसून ठेवा, मगच पात्याला हात लावा. हाताने फिरवलेला प्रोपेलरही इंजिन चालू करू शकतो.

पातं आणि वरची प्लेट यांच्यात लाकडाचा ठोकळा अडकवा. कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून भोकातून घातलेली पिन) सरळ करून काढा, नट सोडा, वॉशर काढा, प्रोपेलर सरळ मागे ओढा. आत शाफ्टवर थ्रस्ट वॉशर असतो. तो प्रोपेलरला चिकटून येतो आणि हरवतो. तो बाजूला जपून ठेवा, कोणती बाजू पुढे होती तेही बघून ठेवा. तो न लावता प्रोपेलर चढवला तर धक्का चुकीच्या जागी बसतो आणि हब गिअरकेसला घासतं.

शाफ्टच्या मुळाशी गुंडाळलेला मासेमारीचा दोर आहे का ते पाहा. तो सील कापतो, पाणी गिअर ऑइलमध्ये शिरतं आणि तेल दुधाळ होतं. स्प्लाइन पुसून मरीन ग्रीसचा पातळ थर लावा, नाहीतर पुढच्या वेळी प्रोपेलर निघणारच नाही. मग थ्रस्ट वॉशर, प्रोपेलर, वॉशर, नट. पुस्तिकेतल्या टॉर्कइतका आवळा. भोक जुळत नसेल तर पुस्तिका सांगेल तसं करा. बऱ्याच मोटरींत पुढच्या खाचेपर्यंत आवळायचं असतं. कॉटर पिन प्रत्येक वेळी नवी, स्टेनलेसची. पहिल्या फेरीनंतर नट एकदा पुन्हा तपासा.

बोटीवर काय काय सोबत ठेवावं?

एक जादा प्रोपेलर, थ्रस्ट वॉशर, वॉशर, नट, चार कॉटर पिना किंवा शिअर पिना, नटाच्या मापाचा पाना, पक्कड आणि लाकडाचा ठोकळा. सगळं एका पिशवीत, आणि पिशवीला दोरी. पाण्यात वाकून काम करताना पाना हातातून सुटतो, आणि मग जादा प्रोपेलर असूनही वल्ही मारावी लागतात. जादा प्रोपेलर घेताना चालू प्रोपेलरपेक्षा १ ते २ इंच कमी पिचचा घ्या, म्हणजे भरल्या बोटीच्या दिवशीही तो उपयोगी पडतो.